रस्सा सपक लागतो, तेव्हा नेमकं काय कमी पडलेलं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: चार वर्षं तुम्ही रोज घरी स्वयंपाक करता, कृतीतलं माप चमच्या-चमच्याने पाळता, तरी मसूर आणि भाज्यांचं सूप असो की चिकनचा रस्सा, पहिल्या घासाला ‘बरं झालंय’ यापलीकडे कुणी काही बोलत नाही. ज्यांच्या हाताला चव आहे ती माणसं काहीतरी गुपचूप घालत असणार, अशी तुमची खात्री झाली आहे. तुम्ही सूपचे दोन क्यूब घालून पाहिलेत, ते खारट झालं. पुढच्या वेळी क्रीम घातलंत, ते जड झालं. सपकपणा होता तिथेच राहिला. तर तो पदार्थ कोणता, आणि कळला तर खाणाऱ्यांना सांगायचा की नाही, हे तुम्हाला हवं आहे.

असे पदार्थ असतात. अठरा वर्षं मी व्यावसायिक स्वयंपाकघरांत काम केलं, गेली सहा वर्षं घरी रांधणाऱ्यांना शिकवते, आणि माझ्या शेगडीजवळच्या फळीवर सोया सॉस, व्हिनेगर, सुके मश्रूम, टोमॅटोची पेस्ट आणि साखरेची छोटी डबी कायम असते. जेवणाऱ्याला त्यातलं एकही ओळखू येत नाही. पण यातलं काहीही कुठल्याही पातेल्यात टाकलं की चव वाढली, असं होत नाही. प्रत्येकाचं काम ठरलेलं आहे. तुम्हाला पदार्थ माहीत नाहीत ही अडचण लहान आहे. पातेल्यात काय उणं आहे ते ओळखता येत नाही ही मोठी. क्यूब आणि क्रीम वाईट नव्हते, दुखणं वेगळं होतं.

‘सपक’ या शब्दापासून सुरुवात करू, कारण तिथेच घोटाळा आहे. बेचव जेवणाला मराठीत एकच शब्द नाही. आपण अळणी म्हणतो, पांचट म्हणतो, ओशट म्हणतो, उग्र म्हणतो, मिळमिळीत म्हणतो. हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत आणि प्रत्येकाचा उपाय निराळा आहे. अळणी म्हणजे मीठ कमी. पांचट म्हणजे पाणी वेगळं आणि चव वेगळी, जिभेवर काही टिकत नाही. ओशट म्हणजे तेल, लोणी किंवा साय जिभेवर बसली आहे आणि खालची चव वर येत नाही. उग्र म्हणजे एकच काहीतरी, बहुधा कच्चा मसाला किंवा करपलेला लसूण, बाकी सगळ्यांवर चढलं आहे. मिळमिळीत म्हणजे सगळं नीट शिजलंय, मऊ आहे, पण दहावा घास पहिल्यासारखाच लागतो. वर्गात पहिल्या दिवशी मी मुद्दाम अर्धवट केलेलं सूप चाखायला देते. सगळे ‘सपक’ म्हणतात. यातला एकच शब्द निवडा म्हटलं की माणसं दुसऱ्यांदा चमचा तोंडात घालतात, आणि या वेळी लक्ष देऊन चाखतात.

शब्द सुचला नाही तर वाट्या मांडायच्या. हे मी आजही करते. सूप तयार झालं, आता वाढायचं एवढंच उरलंय, अशा वेळी चार लहान वाट्यांत प्रत्येकी चार-पाच मोठे चमचे सूप काढा. उकळतं चाखू नका. जीभ भाजली की काहीच कळत नाही, शिवाय गोडी, आंबटपणा सगळं वेगळं लागतं. ज्या तापमानाला जेवणार तितकं निवू द्या. पहिल्या वाटीला हात लावू नका. दुसरीत चिमूटभर मीठ. तिसरीत लिंबाच्या रसाचे चार-पाच थेंब. चौथीत सोया सॉसचे दोन थेंब. प्रत्येक वाटी ढवळा, मधे साध्या पाण्याचा घोट घ्या, आणि दर वेळी पहिल्या वाटीकडे परत येऊन ताडून बघा.

इथे जवळजवळ प्रत्येक जण एकदा फसतो. गेल्या तुकडीत एकीने मसुराचं सूप केलं होतं आणि मीठच कमी आहे यावर ती ठाम होती. तिला मी वाटीत काय घातलं ते न सांगता तिसरी वाटी दिली. घोट घेतल्या घेतल्या ती म्हणाली, “बघा, मीठ घातल्यावर कसं उठलं!” त्या वाटीत मिठाचा कणही वाढवलेला नव्हता, लिंबाचे पाच थेंब होते. आंबटाने खारटपणा जास्त जाणवतो. उलटही तितकंच खरं: आंबट कमी असलेल्या पातेल्यात आपण मीठच घालत सुटतो, आणि एका टप्प्यावर जेवण खारटही असतं आणि सपकही. तुमचं क्यूब घातलेलं सूप नेमकं तिथे पोचलं होतं. बहुतेक क्यूबमध्ये सगळ्यात जास्त असतं ते मीठच. दोन घातलेत, म्हणजे मिठाची बाजू भरून वाहिली आणि आंबटाची बाजू रिकामीच राहिली. तुम्ही प्रश्नात ‘खारट झालं तरी सपक’ असं लिहिलंत, त्यावरूनच मला लिंबाचा संशय आला.

वाट्यांमधली एक स्पष्टपणे पुढे गेली तर उपाय मिळाला. दोन सारख्याच बऱ्या लागल्या तर त्या दोन एकत्र करून चाखा, पुष्कळदा उत्तर जोडीत असतं. आणि एकाही वाटीत फरक पडला नाही, तर दोष शेवटी घालायच्या वस्तूत नाही, सुरुवातीच्या परतण्यात आहे. त्याकडे पुढे येते.

मिठाबद्दल फार लिहीत नाही, पण दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली मापाची. बारीक मिठाचा सपाट छोटा चमचा साधारण ६ ग्रॅम भरतो. जाड, पापुद्र्यासारख्या मिठाचा तोच चमचा ३ ग्रॅमच्या आसपास. कृती लिहिणाऱ्याने एक वापरलं आणि तुम्ही दुसरं, तर माप पाळूनही चव निम्मी किंवा दुप्पट. मी एक लिटर सूपला ८ ग्रॅमपासून सुरुवात करते आणि तिथून चाखत जाते. दुसरी गोष्ट अशी की मीठ खारटपणा आणतं तसा कडवटपणाही दाबतं. १९९७ साली ‘नेचर’मध्ये एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला होता: कडू आणि गोड एकत्र केलेल्या द्रावणात सोडियमचा क्षार मिसळल्यावर कडूपणा मागे हटला आणि गोडी वर आली. म्हणून चॉकलेटच्या केकमध्ये चिमूटभर मीठ हवं, म्हणून कडसर पालेभाजीला मीठ हात राखून घातलं की ती जास्तच कडू लागते. मीठ टप्प्याटप्प्याने घाला, कांद्याबरोबर थोडं, पाणी घातल्यावर थोडं, शेवटी चाखून. सगळं शेवटी घातलं तर रश्शाला चव येते आणि आतला बटाटा अळणीच राहतो.

आंबट ही घरच्या स्वयंपाकात सगळ्यात जास्त विसरली जाणारी बाजू आहे. मला एकच बाटली ठेवायची परवानगी असती तर मी व्हिनेगरची ठेवली असती. आंबट घालायचं ते आंबट लागावं म्हणून नाही. एक लिटर सूपला एक छोटा चमचा लिंबाचा रस घातला तर कुणाला लिंबू कळत नाही, पण गाजराची गोडी कळते, मसुराचा मातकट वास मागे जातो. घालताना अर्धा-अर्धा चमचा घाला आणि ‘लिंबू आहे’ असं वाटायच्या एक पाऊल अलीकडे थांबा. लिंबाचा सुगंध उडणारा असतो, तो आच बंद केल्यावरच घालायचा. उकळला तर आंबटपणा राहतो, वास जातो. व्हिनेगर शिजताना घातलेलं चालतं, पाच मिनिटं उकळलं की त्याची नाकात जाणारी धार कमी होते. टोमॅटो, दही, वाईन, चिंच, ही सगळी याच कामाची आहेत, फक्त प्रत्येकाबरोबर त्याचा स्वतःचा स्वभाव येतो. एक खबरदारी घ्या: मसूर, घेवडा, कुठलंही कडधान्य आंबटात लवकर मऊ होत नाही. दाणा बोटाने चिरडला जाईपर्यंत टोमॅटोसुद्धा लांब ठेवा.

आता चौथ्या वाटीकडे येते. ‘गुप्त पदार्थ’ म्हणून जे काही लोक सांगतात, त्यातलं निम्म्याहून जास्त खरं तर एकाच गोष्टीचं वेगवेगळं रूप आहे. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांना प्रश्न पडला होता की कोम्बू नावाच्या समुद्री शेवाळाच्या नुसत्या पाण्याला एवढी भरीव चव येते कुठून. ती गोड नाही, आंबट नाही, खारट नाही, कडू नाही. १९०८ साली त्यांनी त्यातून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि त्या चवीला ‘उमामी’ असं नाव दिलं. १९१३ मध्ये त्यांचे शिष्य शिंतारो कोदामा यांना सुकवलेल्या बोनितो माशात इनोसिनेट सापडलं. १९५७ मध्ये अकिरा कुनिनाका यांनी ग्वानिलेट ओळखलं, जे शिताके मश्रूममध्ये भरपूर असतं. आणि स्वयंपाक करणाऱ्याच्या दृष्टीने सगळ्यात मोलाची गोष्ट त्यांनीच दाखवली: ग्लुटामेट आणि ही दुसरी जात, म्हणजे इनोसिनेट किंवा ग्वानिलेट, एकत्र आली की चव बेरजेने वाढत नाही, कित्येक पटींनी वाढते.

हे कळल्यावर माझ्या हाताची सवयच बदलली. आधी मी पांचट रश्शात सोया सॉस घालायचे, अजून पांचट वाटलं तर अजून घालायचे. शेवटी रस्सा काळा आणि खारट व्हायचा. आता दोन वेगळ्या घरांतून एकेक घेते. ग्लुटामेटच्या घरात टोमॅटो, सोया सॉस, मुरलेलं कडक चीज, कोम्बू. दुसऱ्या घरात मांस, मासे आणि सुके मश्रूम. चिकनच्या रश्शाला टोमॅटोची पेस्ट इतकी मानवते ती याचमुळे. चिकनमध्ये इनोसिनेट असतंच, पेस्ट ग्लुटामेट आणते. तुमच्या मसुराच्या सूपमध्ये मांस नाही, तेव्हा तिथे सुके मश्रूम आणि सोया सॉस ही जोडी घ्या. दोन्ही थोडं-थोडं. एकाचं माप दुप्पट करण्यापेक्षा दोघांचं अर्धं-अर्धं जास्त काम करतं.

सुक्या मश्रूमबद्दल थोडं सांगू द्या, कारण हा माझा सगळ्यात आवडता पदार्थ आहे आणि लोक तो घाईने वाया घालवतात. चार-पाच सुके शिताके दोन वाट्या गार पाण्यात झाकून रात्रभर ठेवा. गरम पाण्यात अर्ध्या तासात मऊ होतात खरे, पण गार पाण्यात सावकाश भिजलेल्यांचा रस्सा जास्त भरीव होतो. सकाळी पाणी चहासारखं तपकिरी झालेलं असतं आणि तळाला थोडी माती बसलेली असते. वरचं पाणी अलगद ओतून घ्या, तळाचं दोन चमचे फेकून द्या. हे पाणी साध्या पाण्याऐवजी सूपमध्ये. मश्रूम न आवडणारी माणसंही हे सूप संपवतात, कारण दोन वाट्या एवढ्या मापात मश्रूमचा वास पुढे येत नाही. वेळ नसेल तर सुके मश्रूम मिक्सरमध्ये पूड करून डबीत ठेवा. लिटरभराला एक छोटा चमचा.

टोमॅटोचंही तसंच. बियांभोवतीचा जो बुळबुळीत गर आपण ‘पाणचट’ म्हणून काढून टाकतो, त्यात बाहेरच्या मांसल भागापेक्षा ग्लुटामेट जास्त असतं. चिरताना फळीवर सांडलेला रससुद्धा पातेल्यात जाऊ द्या. कडक चीज किसून झाल्यावर उरलेली टणक साल फेकू नका, ती सूपमध्ये अर्धा तास शिजवून काढून टाका.

मासे खात असाल तर फिश सॉस किंवा खारवलेले अँकोव्ही यांना तोड नाही. वास नुसता घेतला तर पुढे जाववत नाही, पण तेलात एक अँकोव्ही विरघळवला आणि वर कांदा परतला की माशाचा मागमूस राहत नाही. हे काही नवं नाही. रोमन लोक मासे आणि मीठ मुरवून ‘गारुम’ करायचे. इसवी सन ७९ मध्ये राखेखाली गेलेल्या पॉम्पेईत गारुमचा मोठा व्यापारी औलुस उंब्रिकियुस स्कौरुस याच्या घरातल्या फरशीवर त्या सॉसच्या बरण्यांचंच चित्र जडवलेलं सापडलं आहे.

इथे एक प्रश्न हमखास येतो: मग सरळ मोनोसोडियम ग्लुटामेट, म्हणजे आपलं अजिनोमोटो, का नको? माझं मत स्पष्ट आहे, घातलं तर पाप नाही. १९६८ साली एका वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या पत्रावरून त्याच्याविषयीची भीती पसरली. त्यानंतर झालेल्या तपासण्यांत एवढंच निघालं की काही थोड्या माणसांना, जेवणाशिवाय नुसतं ३ ग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतलं तर, थोडा वेळ डोकेदुखीसारखा त्रास होऊ शकतो. जेवणाच्या एका वाढीत ते सहसा अर्ध्या ग्रॅमपेक्षा कमी असतं. त्यात सोडियम सुमारे १२ टक्के, साध्या मिठात सुमारे ३९ टक्के. म्हणजे ज्यांना मीठ कमी करायला सांगितलंय त्यांच्या घरी थोडं मीठ काढून त्याजागी चिमूटभर हे घालण्यात तोटा नाही. तरी मी शिकणाऱ्यांना सुरुवातीला ते देत नाही. ते फक्त एकच चव आणतं, मश्रूमच्या पाण्यासारखा वास आणि अंग आणत नाही, आणि हाताला त्याची सवय लागली की पातेल्यात काय कमी आहे हे शोधणं सुटतं.

आता त्या परतण्याकडे. चारही वाट्या सारख्याच लागल्या तर मी विचारते, कांदा किती वेळ परतलात? बहुतेक वेळा उत्तर ‘पाच मिनिटं’ असतं. कृतीतही तसंच छापलेलं असतं, पण कांदा पाच मिनिटांत तपकिरी होत नाही. १९१२ मध्ये लुई-कामिय माय्यार यांनी तपकिरी रंग आणि खमंगपणा आणणाऱ्या ज्या प्रक्रियेचं वर्णन केलं, ती प्रथिनं आणि साखर यांच्यात घडते आणि १४० अंश सेल्सिअसच्या आसपास खरा वेग घेते. पाणी १०० अंशांना उकळतं. कढईत पाणी आहे तोवर कांदा शंभराच्या वर जाणार नाही, म्हणजे तो उकडतोय, भाजला जात नाही. म्हणूनच पातेलं गच्च भरून चिकन परतलं की ते पाणी सोडतं, पांढरं होतं आणि चव कुठेच लागत नाही. दोन खेपांत परता, तुकड्यांत बोटभर अंतर ठेवा, आणि खाली तपकिरी होईपर्यंत उलथणं लावू नका.

टोमॅटोची पेस्ट घ्या, यावर मी वर्गात अर्धा तास घालवते. दोन मोठे चमचे पेस्ट मध्यम आचेवर तेलात पसरा. आधी ती लाल, ओली आणि चकाकणारी असते, कच्च्या टोमॅटोचा आंबूस वास येतो. दोन मिनिटांनी कडेने तेल वेगळं दिसायला लागतं. इथे लोक पाणी ओततात. थांबा. अजून दोन-तीन मिनिटं, उलथण्याने तळ खरवडत राहा. रंग लालवरून विटकरी होतो, वास आंबूस होता तो खमंग होतो, आणि पातेल्याच्या तळाला तपकिरी थर धरायला लागतो. त्या क्षणी अर्धी वाटी पाणी किंवा मश्रूमचं पाणी घाला आणि तो थर लाकडी चमच्याने खरवडून काढा. तो चिकटलेला तपकिरी थर बाहेरून काहीही न आणता तुमच्या घरात तयार झालेला गुप्त पदार्थ आहे, आणि तुम्ही आजवर तो भांडी घासताना धुऊन टाकत आलात. थर काळा झाला असेल तर मात्र तो खरवडू नका, भांडं बदला. करपलेल्याचा कडवटपणा साखरेने, मिठाने, कशानेच पुरता झाकत नाही.

लोण्यालाही हेच लागू. लोण्यात साधारण ८० टक्के स्निग्धांश, बाकी बहुतेक पाणी आणि दीड-दोन टक्के दुधाचे कण. मंद आचेवर पाणी उडून फेस ओसरला की ते कण तपकिरी होतात आणि भाजलेल्या सुक्यामेव्याचा वास येतो. सूपवर एक चमचा ओतून बघा. कांदा लवकर तपकिरी व्हावा म्हणून काही जण चिमूटभर खायचा सोडा घालतात. त्याने रंग झरझर येतो हे खरं, पण कांद्याचा लगदा होतो आणि जरा जास्त झाला तर साबणासारखी चव लागते. मी वापरत नाही.

साखर, कॉफी, कोको यांच्याबद्दल दोनच वाक्यं. टोमॅटो फार आंबट निघाले तर पाव चमचा साखर घाला, आंबटपणा गोल होतो. चॉकलेटच्या केकमध्ये पाण्याऐवजी काळी कॉफी घातली तर चॉकलेट जास्त गडद लागतं. बाकी जिथे तिथे साखर घालण्याच्या मी विरुद्ध आहे.

क्रीमबद्दल तुम्हाला सांगायचं राहिलं. स्निग्ध पदार्थ वास धरून ठेवतो, म्हणून मसाले कोरडे पाण्यात टाकण्यापेक्षा तेलात अर्धा मिनिट परतले की त्यांचा सुगंध सबंध पातेल्यात जातो. पण शेवटी घातलेलं क्रीम जिभेवर थर धरतं आणि तिखट, आंबट, खारट सगळंच बोथट करतं. तुमचं सूप मुळात आंबटाला कमी होतं, त्यावर क्रीम, म्हणजे पांचट होतं ते ओशट झालं. क्रीम आवडत असेल तर जरूर घाला, मात्र त्यासोबत लिंबू वाढवा आणि मीठ पुन्हा चाखा.

यातलं पुष्कळ परिस्थितीवर अवलंबून आहे, ते लपवत नाही. तुमचं पाणी जड असेल, टोमॅटो हंगामाबाहेरचे असतील, मसाले दळून वर्ष झालं असेल, तर माझी मापं तुमच्याकडे जशीच्या तशी बसणार नाहीत. दळलेल्या मसाल्याची डबी उघडून नाकाशी धरा. वास शोधावा लागला तर चवही शोधावी लागेल. सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं, तेव्हा तो घालणार असाल तर मीठ आधीच हात राखून. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. रक्तदाब असलेल्यांच्या घरी मी तिसरी वाटी, म्हणजे आंबटाची, आधी चाखायला सांगते. आणि वयानुसार, सर्दी असताना, सिगारेट ओढणाऱ्याला चव वेगळी लागते. नाक चोंदलेलं असताना स्वयंपाकाचा निकाल लावू नका.

तर पुढच्या वेळी त्याच मसुराच्या सूपला, क्यूब आणि क्रीम दोन्ही बाजूला ठेवून, असं करून बघा: आदल्या रात्री मश्रूम भिजवा. कांदा मीठ घालून पंधरा-वीस मिनिटं, कडा तपकिरी होईपर्यंत परता. पेस्ट विटकरी करा, पण दोन चमचे नको, एकच, आणि ती वेगळ्या लहान कढईत करून मसूर मऊ झाल्यावर मिसळा. मसाला तेलात अर्धा मिनिट. मग मसूर, भाज्या, मश्रूमचं पाणी. मसूर मऊ, पेस्ट आत, आच बंद, आणि चार वाट्या. माझा अंदाज तिसरी वाटी जिंकेल, पण तुमची जीभ वेगळं म्हणाली तर तिचं ऐका. वर ताजी चिरलेली पालेवाली वस्तू किंवा भाजून भरडलेले बी घातलंत तर मिळमिळीतपणाही जाईल, दाताखाली काही आलं की पुढचा घास वेगळा लागतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, खाणाऱ्यांना सांगायचं का. सांगायचंच, आणि ताट वाढायच्या आधी. व्यावसायिक स्वयंपाकघरात असताना एकदा मी भाज्यांच्या सूपमध्ये सोया सॉस घातला होता आणि कुठे लिहिला नव्हता. साध्या सोया सॉसमध्ये गहू असतो. गहू न चालणाऱ्या एका माणसाने पहिला घास घेण्याआधी विचारलं म्हणून त्या दिवशी काही झालं नाही, पण त्याने विचारलं नसतं तर मी तिथे उभी राहून काही करू शकले नसते. फिश सॉस आणि अँकोव्हीत मासे आहेत, वूस्टरशर सॉसमध्येही बहुधा असतात, पारंपरिक पार्मेझान चीजमध्ये वासराच्या पोटातलं, दूध गोठवणारं रेनेट असतं, आणि शाकाहारी माणसाला हे चवीवरून ओळखता येत नाही, कारण ओळखू न येणं हेच तर आपण साधलेलं असतं. ज्यांना सोया, गहू, मासे किंवा सुकामेवा सोसत नाही त्यांना एक थेंबही पुरतो. मी त्या दिवसापासून झाकणावर कागदी चिकटपट्टी लावते आणि घालता घालताच त्यावर लिहिते: सोया, गहू, मश्रूम. घरी चार माणसांसाठी रांधतानासुद्धा.